बाळाचे श्वास कसे मोजावेत: न्यूमोनिया वेळेत ओळखण्यासाठी

बाळाची घरघर ऐकली की घरातले सगळे घाबरतात, पण ती बहुतेकदा नाका-घशातल्या शेंबडाची असते. उलट खोकला फारसा नसलेल्या बाळालाही न्यूमोनिया झालेला असू शकतो. पाच वर्षांखालच्या मुलात खरी खूण असते ती श्वासाचा वेग. फुप्फुसातल्या वायुकोशांत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांत, पू आणि द्रव साचला की फुप्फुस ताठर होतं, प्राणवायू कमी पडतो आणि बाळ भराभर श्वास घेऊन ती तूट भरून काढतं.

मोजायला सेकंदकाटा असलेलं घड्याळ किंवा मोबाइलचा टायमर पुरे. बाळ शांत हवं: झोपलेलं किंवा आईच्या मांडीवर निवांत पडलेलं. रडताना किंवा दूध पिताना मोजलेला आकडा धरू नका. झबलं छातीच्या वर सरकवा, उजेड पोटावर पडू द्या आणि छाती व पोट यांच्या मधल्या भागाकडे पाहा. तो एकदा वर येऊन खाली गेला की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याचा मोह होतो, पण तान्ह्या बाळाचा श्वास एकसारखा नसतो. मध्येच थांबतो, मग पाच-सहा श्वास भरभर होतात. त्यामुळे गुणाकार हमखास चुकतो.

दोन महिन्यांखालच्या बाळात मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांत ४० किंवा जास्त श्वास म्हणजे वेग वाढलेला. दोन महिन्यांखालच्या बाळात ६० किंवा त्यावर आकडा आला तर लगेच पुन्हा एकदा मोजा. तरीही तेवढाच असेल तर थेट दवाखाना गाठा. ताप चढलेला असताना श्वास थोडा वाढतोच, म्हणून ताप उतरल्यावर परत मोजावं, पण तेवढ्यासाठी रात्र घालवू नये.

हे शिकायला शिक्षण लागत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने अक्षरओळख नसलेल्या दायांसाठी मण्यांचं साधन बनवलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. मिनिट संपण्याआधी मर्यादा दाखवणाऱ्या लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा.

मोजून झालं की झबलं खाली ओढू नका, बरगड्यांच्या खालच्या कडेकडे पाहा. निरोगी बाळ श्वास आत घेतं तेव्हा छाती आणि पोट दोन्ही वर येतात. न्यूमोनिया बळावला की श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग खळगा पडल्यासारखा आत ओढला जातो. काही भागांत यालाच ‘डबा’ म्हणतात. हे दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शिवाय बाळ दूध ओढत नसेल, प्यायलेलं सगळं ओकत असेल, झटके आले असतील, हलवूनही नीट जागं होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर १०८ ला फोन करा. दोन महिन्यांखालच्या बाळाचं अंग गार पडणंही तापाइतकंच धोक्याचं असतं.

रक्तातला प्राणवायू मोजणारा मोठ्यांचा चिमटा-ऑक्सिमीटर बाळाच्या बोटावर नीट बसत नाही. त्याच्या आकड्यावर विसंबू नका.

डॉक्टरांनी अँटिबायोटिक दिलं तर ठरलेले सगळे दिवस द्या. दुसऱ्या दिवशी बाळ खेळायला लागलं म्हणून बाटली कपाटात जाते, आणि आजार उलटतो. दोन दिवसांनी श्वास परत मोजा. वेग उतरला नसेल तर औषध बदलावं लागू शकतं. तापाच्या पॅरासिटामॉलमध्ये फार मोठी चूक होते, ती नीट समजून घ्या. थेंबांच्या बाटलीत १ मिलीत १०० मिलिग्रॅम औषध असतं, तर साध्या सिरपच्या ५ मिलीत १२० मिलिग्रॅम. सिरपचं माप थेंबांना लावलं तर चौपट औषध पोटात जातं. किलोमागे १५ मिलिग्रॅम हा हिशेब: ८ किलोच्या बाळाला १२० मिलिग्रॅम, म्हणजे सिरप ५ मिली किंवा थेंब १.२ मिली. दोन डोसांत किमान सहा तास ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणतंच औषध देऊ नका.

काही जुन्या सवयी मनापासून सोडायला हव्यात. नाकात तेल घालू नका. ते श्वासावाटे फुप्फुसात उतरलं तर तेलामुळेच न्यूमोनिया होतो. छातीला कापूर चोळू नका, दोन वर्षांखाली खोकल्याचं सिरप देऊ नका, वर्षाच्या आत मध चाटवू नका. बाळ-बाळंतिणीच्या खोलीतली ओवा-वावडिंगाची धुरी, बाजेखालची शेगडी यांचा धूर कोवळ्या श्वासनलिकांना सुजवतो. ऊब हवी तर टोपडं, मोजे आणि आईची कूस आहे. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब आणा, दूध पाजण्याआधी दोन-दोन टाका.

पहिले सहा महिने फक्त आईचं दूध द्या. लसीकरणात पीसीव्ही, म्हणजे न्यूमोनिया करणाऱ्या न्यूमोकोकस जंतूवरची लस, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने अशी तीनदा सरकारी केंद्रात मोफत मिळते. पेंटाव्हॅलंट, म्हणजे पाच आजारांवरची एकत्र लस (त्यात न्यूमोनिया करणाऱ्या ‘हिब’ जंतूवरचीही), दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाही असते, कारण गोवरानंतरचा न्यूमोनिया फार जड जातो. डोस राहिला असेल तर कार्ड घेऊन आशाताईंना किंवा नर्सताईंना भेटा. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस पुढे देता येतो.