बेशुद्ध रुग्ण आणि ‘सीटी नॉर्मल’: या चुका टाळा

कॅज्युअल्टीत रुग्ण बेशुद्ध येतो. साखर ठीक, साध्या सीटीत रक्तस्राव नाही. मग ‘मेटाबॉलिक असेल’ (म्हणजे शरीरातल्या रसायनांचा बिघाड) म्हणून आयसीयूत रवानगी होते आणि तपास तिथेच थांबतो. सगळ्यात महागात पडते ती ही चूक. ब्रेनस्टेमला (मेंदूच्या देठाला) रक्त पुरवणारी बॅसिलर धमनी तुंबली, तरी साधा सीटी बऱ्याचदा स्वच्छच दिसतो. कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे तिथे रेघोट्या उमटतात. पॉन्सच्या, म्हणजे ब्रेनस्टेमच्या मधल्या भागाच्या, पुढ्यात कधी पांढराशुभ्र ठिपका असतो, म्हणजे धमनीतली गुठळी. पण मुद्दाम शोधला तरच सापडतो.

म्हणून रुग्ण टेबलावर असतानाच, महाधमनीच्या कमानीपासून माथ्यापर्यंत सीटी अँजिओग्राफी (शिरेतून डाय देऊन धमन्या दाखवणारा सीटी) करून घ्या. किडनीचा जुना आजार नसेल तर क्रिएटिनिनच्या (किडनीच्या रक्ततपासणीच्या) रिपोर्टसाठी खोळंबू नका. 2022 मध्ये चीनमधल्या दोन चाचण्यांचे निष्कर्ष आले: बॅसिलरमधली गुठळी कॅथेटरने (रक्तवाहिनीतून घातलेल्या बारीक नळीने) काढलेल्यांपैकी सुमारे 46 टक्के लोक आधाराशिवाय चालण्याइतके सावरले, केवळ औषधांवर ठेवलेल्यांत 23-24 टक्के.

डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या दिसल्या की आपल्याकडे आधी कीटकनाशकाची विषबाधा आठवते. फवारणीच्या दिवसांत ते रास्तच. पण लाळ, घाम, छातीत घरघर यातलं काहीच नसेल आणि डोळे तिरळे असतील, तर दोष पॉन्समध्येही असू शकतो; अँजिओ हवीच. हातापायांचे झटकेही दरवेळी फिटचे नसतात. नातेवाइकांना विचारा: आधी चक्कर, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं असं काही झालं होतं का? आणि ‘कोमा’ लिहिण्यापूर्वी रुग्णाला वर बघायला सांगा. पॉन्स निकामी झालेला माणूस पूर्ण शुद्धीत असून फक्त डोळे वर-खाली करू शकतो.

एमआरआयही सुरुवातीच्या तासांत फसवतो. डिफ्यूजन (एमआरआयमधली ताजा स्ट्रोक दाखवणारी प्रतिमा) स्वच्छ आलं म्हणून अँजिओ रद्द करू नका.

उलटंही घडतं. अँजिओ नॉर्मल, रुग्ण मात्र जागा होत नाही. दोन्ही थॅलॅमसना (मेंदूच्या खोल भागातले, जागं ठेवणारे दोन गोळे) एकच बारीक फांदी रक्त पुरवत असेल (पर्शेरॉनची धमनी), तर तिचं तुंबणं अँजिओत सहसा दिसत नाही. तिथे एमआरआयच लागतो. दोन्ही थॅलॅमस सुजलेले दिसले तर शिरांकडेही बघा. खोल शिरांमधली गुठळी अशीच दिसते. त्यासाठी वेगळी व्हेनोग्राफी (शिरांची तपासणी) सांगावी लागते, आणि उपचारही वेगळा: हेपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध.