'सेक्युलर'साठी मराठी शब्द योजताना या चुका टाळा

धर्माशी संबंध नसलेल्या गोष्टींसाठी मराठीत लौकिक, ऐहिक, प्रापंचिक, इहवादी, धर्मनिरपेक्ष असे अनेक शब्द आहेत. तरीही इंग्रजीतला 'सेक्युलर' समोर आला की भाषांतर करणारे बहुधा 'धर्मनिरपेक्ष' हाच शब्द उचलतात, आणि बहुतेक चुकांचे मूळ तिथेच आहे. हे विशेषण राज्य, कायदा किंवा संस्थेचे धोरण यांना शोभते, कारण निरपेक्ष राहायचे तर निर्णय घेणारा कोणीतरी असावा लागतो. गाणे निर्णय घेत नाही. 'युरोपातील धर्मनिरपेक्ष संगीत' असे लिहिले की सर्व धर्मांना समान लेखणारी गाणी वाचकाच्या मनात येतात, आणि चर्चच्या उपासनेबाहेरची प्रेमगीते व नृत्यसंगीत हा खरा अर्थ हरवतो. तिथे 'लौकिक संगीत' हाच नेमका शब्द आहे.

'लौकिक' हा शब्द जुना आणि भक्कम आहे. पतंजलीने महाभाष्य या आपल्या संस्कृत व्याकरणग्रंथाच्या आरंभीच लौकिक आणि वैदिक असे शब्दांचे दोन वर्ग सांगितले आहेत. मात्र मराठीत हाच शब्द नाम म्हणून आला की कीर्ती असा अर्थ देतो, त्यामुळे 'त्या शाळेचा लौकिक' आणि 'त्या शाळेतले लौकिक शिक्षण' या पूर्णपणे वेगळ्या गोष्टी ठरतात. त्याच्या विरुद्ध 'अलौकिक' लिहिणे ही आणखी एक नेहमीची चूक आहे; अलौकिक म्हणजे असामान्य, म्हणून प्रसंग पाहून धार्मिक, पारमार्थिक किंवा पारलौकिक यांपैकी एक निवडावा. शिवाय केवळ रचनाप्रकारावरून लौकिक-धार्मिक अशी विभागणी करू नये, कारण शृंगारासाठी ओळखल्या जाणाऱ्या लावणीतही आध्यात्मिक लावण्या आहेत.

'निधर्मी' आणि 'नास्तिक' हे शब्द 'सेक्युलर'च्या अर्थाने वापरू नयेत, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. 1851 मध्ये 'सेक्युलरिझम' ही संज्ञा रूढ करणाऱ्या जॉर्ज जेकब होलिओक या इंग्रज विचारवंताने ती नास्तिकतेपासून जाणीवपूर्वक वेगळी ठेवली होती. या जगातल्या जीवनाला महत्त्व देणाऱ्या त्या विचारासाठी 'इहवाद' हा शब्द अतिशय समर्पक आहे.

संविधानाविषयी लिहिताना आणखी काळजी हवी. 1976 च्या 42 व्या दुरुस्तीने उद्देशिकेत 'सेक्युलर' हा शब्द आला हे खरे. परंतु संविधानात तो त्याआधी नव्हताच, हे विधान चुकीचे आहे, कारण धर्माचरणाशी निगडित आर्थिक, राजकीय व इतर 'सेक्युलर' व्यवहारांचे नियमन करण्याची मुभा राज्याला देणाऱ्या अनुच्छेद 25 च्या इंग्रजी पाठात तो पहिल्यापासूनच आहे. या ठिकाणी अर्थ आहे धर्मेतर किंवा ऐहिक व्यवहार. देवस्थानातली पूजा ही धार्मिक बाब. हिशेब आणि मालमत्तेची देखभाल या ऐहिक बाबी. पंढरपूर मंदिरे अधिनियम, 1973 सारखा कायदा समजून घेताना हा फरक उपयोगी पडतो. उद्देशिकेच्या मराठी पाठात 'धर्मनिरपेक्ष' आहे, हिंदीत 'पंथनिरपेक्ष'. मराठी मजकुरात उद्देशिका उद्धृत करताना हिंदी रूप घुसवू नये.

कॅथलिक चर्चच्या संदर्भात 'सेक्युलर प्रीस्ट' म्हणजे जेज्विट किंवा फ्रान्सिस्कन यांच्यासारख्या संघाचा सदस्य नसलेला, बिशपच्या अधिकाराखाली काम करणारा धर्मगुरू. गोव्याच्या किंवा वसईच्या चर्चचा इतिहास लिहिताना त्याला 'धर्मनिरपेक्ष पाद्री' म्हटले तर वाक्याला अर्थच उरत नाही. 'धर्मप्रांतीय धर्मगुरू' असे लिहावे.

शेवटी अर्थशास्त्र आणि खगोलशास्त्र. मूळ लॅटिन 'सेक्युलम' म्हणजे युग किंवा पिढी, आणि या शास्त्रांनी त्यातला काळाचा अर्थ जपला आहे. अल्विन हॅन्सन या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने 1938 मध्ये मांडलेले 'सेक्युलर स्टॅग्नेशन' म्हणजे दीर्घकालीन आर्थिक साचलेपण, आणि चंद्राच्या गतीतला 'सेक्युलर' बदल म्हणजे शतकानुशतके हळूहळू साचत जाणारा बदल. यंत्राने केलेल्या भाषांतरात अशा जागी 'धर्मनिरपेक्ष' आढळला, तर तो काढून 'दीर्घकालीन' घालावा.