बॉयलरच्या नळ्यांमधील क्षारांचा थर : सफाईच्या आधीची, सफाईच्या वेळची आणि नंतरची तयारी

नळ्यांवर बसलेला क्षारांचा थर आम्लाने काढण्याचे प्रत्यक्ष काम काही तासांत आटोपते, परंतु ते सुखरूप पार पडेल की चांगल्या नळ्याही हातच्या जातील, हे त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत केलेल्या तयारीवर ठरते. म्हणून ही यादी कामे ज्या क्रमाने समोर येतात त्याच क्रमाने मांडली आहे आणि ती मुख्यतः कमी व मध्यम दाबाच्या औद्योगिक बॉयलरसाठी आहे.

सर्वप्रथम थर खरोखर पाण्याच्या बाजूला आहे याची खात्री करावी. भार तोच असताना धुराड्यातील वायूंचे तापमान हळूहळू चढत असेल तर उष्णता पाण्यापर्यंत पोहोचण्यात अडथळा येत आहे एवढेच कळते; तो अडथळा ज्वालेच्या बाजूची काजळीही असू शकते. त्यामुळे आधी काजळी साफ करून तापमान पुन्हा नोंदवावे आणि ते उतरले नाही तरच बॉयलर थंड करून, निचरा करून, मॅनहोल व मडहोल उघडून आत पाहावे. वॉटर ट्यूब बॉयलरमध्ये (ज्यात पाणी नळ्यांच्या आत असते) नळीत कॅमेरा घालावा आणि शंका गंभीर असेल तर सर्वाधिक उष्णता सोसणाऱ्या भागातील नळीचा एक तुकडा कापून तपासावा. पोलादाची उष्णतावाहकता साधारण ५० वॅट प्रति मीटर-केल्विन, तर कॅल्शियमच्या थराची जेमतेम १ ते २ आणि सच्छिद्र सिलिकाच्या थराची त्याहूनही कितीतरी कमी असते. थर वाढला की वाफ पूर्वीइतकीच निघत राहते, पण नळीचा धातू मात्र अधिकाधिक तापत जातो. साधे कार्बन पोलाद सुमारे ४२५ अंश सेल्सिअसच्या पुढे दीर्घकाळ राहिले की दाबाखाली सावकाश ताणले जाते, फुगते आणि शेवटी फाटते. तपासणीत एखादी नळी फुगलेली दिसली तर ती बदलावीच. थर काढल्याने तिची गेलेली ताकद परत येत नाही.

यानंतर थराचा नमुना घ्यावा. तो एकाच सोयीच्या जागेवरून न घेता ड्रम, नळ्या आणि हेडर (अनेक नळ्या ज्याला जोडलेल्या असतात तो जाड पाइप) अशा निदान तीन ठिकाणांहून घ्यावा, कारण तापमानानुसार थराची घडण बदलते. प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात खडा टाकून बरेच समजते. जोरात फसफसला तर कार्बोनेट आहे. न फसफसता, पण गरम केल्यावर हळूहळू विरघळला तर सल्फेट किंवा फॉस्फेटचा संशय घ्यावा. गरम करूनही जसाच्या तसा राहिला तर सिलिका बरीच आहे. आणि काळी भुकटी चुंबकाला चिकटली तर ती लोखंडाची ऑक्साइड आहे. हा नमुना न तपासता आम्लाची ऑर्डर देणे मला अक्षम्य वाटते, कारण आम्लाची निवड, मात्रा आणि कामाचा कालावधी या तिन्ही गोष्टी त्या खड्यावरून ठरतात.

कार्बोनेटसाठी इन्हिबिटर (आम्लापासून पोलादाची झीज रोखणारे रसायन) घातलेले सुमारे ५ टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल ६० ते ६५ अंशांपर्यंत गरम करून फिरवणे ही रुळलेली पद्धत आहे. बॉयलरमध्ये किंवा सुपरहीटरमध्ये (वाफ आणखी तापवणाऱ्या नळ्यांमध्ये) कुठेही ऑस्टेनिटिक (क्रोमियम-निकेलचे) स्टेनलेस स्टील असेल तर क्लोराइडमुळे त्याला तडे जाण्याचा धोका असतो. तेथे हे आम्ल वापरू नये. सल्फॅमिक आम्ल पावडरच्या रूपात येते, हाताळायला सोपे असते आणि लहान बॉयलरला पुरते. मात्र ६० अंशांपलीकडे तापवल्यास त्याचे विघटन होऊन द्रावणात सल्फेट तयार होते आणि विरघळलेले कॅल्शियम पुन्हा कॅल्शियम सल्फेट होऊन बसू लागते. याच कारणाने कॅल्शियमच्या थरावर सल्फ्युरिक आम्ल कधीच वापरू नये. थर मुळातच सल्फेटचा असेल तर आधी सोडा ॲशच्या गरम द्रावणाने तो कार्बोनेटमध्ये बदलून घ्यावा लागतो आणि मगच आम्ल उपयोगी पडते. सिलिकासाठी आम्लात अमोनियम बायफ्लोराइड मिसळतात, पण त्यातून हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. ते त्वचेतून आत शिरून जिवावर बेतू शकते, म्हणून कॅल्शियम ग्लुकोनेट जेल (या आम्लाच्या भाजण्यावरचा प्रथमोपचार) आणि त्याचा वापर शिकलेली माणसे जागेवर नसतील तर हे काम अनुभवी कंत्राटदाराकडेच सोपवावे.

मात्रेचे गणित कागदावर मांडावे. समजा, १०० चौरस मीटर पृष्ठभागावर सरासरी १ मिलिमीटर थर आहे आणि त्याची घनता पाण्याच्या अडीचपट आहे, तर आत सुमारे २५० किलो थर आहे. तो सगळा कॅल्शियम कार्बोनेटचा असेल तर किलोमागे ०.७३ किलो या हिशेबाने शुद्ध हायड्रोक्लोरिक आम्ल सुमारे १८३ किलो, म्हणजे बाजारात मिळणारे ३० टक्क्यांचे आम्ल ६०० किलोच्या आसपास, नुसत्या थरातच खर्च होईल. शिवाय यातून ११० किलो, म्हणजे साधारण ६० घनमीटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडेल. हा शेवटचा आकडा पाहूनच व्हेंटची नळी किती जाड हवी, ती छपराबाहेर कुठे न्यावी आणि आम्ल टप्प्याटप्प्याने का घालावे हे ठरवावे. त्याच वेळी वापरलेले द्रावण आणि पहिल्या धुण्यांचे पाणी साठवण्याची टाकी, उदासिनीकरणासाठी सोडा ॲश किंवा चुना आणि विल्हेवाटीची परवानगी हाताशी आहे ना, हेही पाहावे.

आदल्या दिवशी इंधन, फीड वॉटर (बॉयलरला पुरवले जाणारे पाणी) आणि मुख्य वाफेच्या लाइन कुलूप व टॅग लावून बंद कराव्यात. शेजारचा बॉयलर चालू असेल तर नुसत्या बंद व्हॉल्व्हवर न विसंबता सामाईक लाइनमध्ये ब्लाइंड फ्लॅंज (वाट पूर्ण बंद करणारी भरीव चकती) घालावा. सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज ग्लास, प्रेशर गेज आणि लेव्हलचे प्रोब काढून किंवा वेगळे करून ठेवावेत. पितळी व तांब्याच्या मिश्रधातूंचे भाग द्रावणाच्या वाटेवरून काढावेत. सुपरहीटर असल्यास तो शुद्ध पाण्याने भरून ठेवावा. तात्पुरता पंप, होज आणि जोड साध्या पाण्याने दाबावर तपासून घ्यावेत. चेहऱ्याची ढाल, रबरी हातमोजे, एप्रन, बूट आणि लगेच पोहोचता येईल असा सुरक्षा शॉवर तयार हवा. आम्लाच्या क्रियेत हायड्रोजनही निघतो, म्हणून व्हेंटच्या परिसरात वेल्डिंग, ग्राइंडिंग आणि धूम्रपान पूर्ण बंद ठेवावे.

प्रत्यक्ष दिवशी पाणी आधी गरम करावे, त्यात इन्हिबिटर पूर्ण मिसळावा आणि त्यानंतरच पाण्यात आम्ल घालावे. आम्ल आत असताना बर्नर कोणत्याही कारणाने पेटवू नये. वजन करून ठेवलेली पोलादाची पट्टी द्रावणाच्या वाटेत टांगावी, म्हणजे नंतर पुन्हा वजन करून पोलाद किती झिजले ते कळते. दर अर्ध्या तासाने आम्लाची तीव्रता आणि द्रावणातील लोह मोजावे. तीव्रता लागोपाठच्या तीन नोंदींत स्थिर राहिली आणि लोहही वाढायचे थांबले की थर संपला असे समजावे. तीव्रता उतरत असेल तर आणखी आम्ल लागेल, आणि तीव्रता स्थिर असून लोह चढतच असेल तर आम्ल आता नळ्यांचे पोलाद खात आहे, तेव्हा काम तेथेच थांबवावे. फेरिक (तीन धनभार असलेल्या) लोहाबाबत विशेष दक्ष राहावे, कारण त्याने होणारी झीज नेहमीचे इन्हिबिटर रोखू शकत नाहीत.

निचरा झाल्यावर पीएच उदासीन होईपर्यंत धुवावे, उरलेले आम्ल सोडा ॲशच्या सौम्य द्रावणाने मारावे आणि पॅसिव्हेशन (पोलादावर गंजरोधक ऑक्साइडचा पातळ थर तयार करणे) लगेच करावे. उघडे पडलेले स्वच्छ पोलाद ओलसर हवेत पाहता पाहता गंजते, त्यामुळे या टप्प्यांमध्ये रात्रीची सुट्टी येणार नाही असे वेळापत्रक आखावे. नंतर ड्रम उघडावा. त्यात उतरण्यापूर्वी प्राणवायू आणि इतर वायू मोजावेत, कारण हवेपेक्षा जड असलेला कार्बन डायऑक्साइड तळाशी साचून राहतो. सुटलेले पोपडे हेडरमधून आणि नळ्यांच्या तोंडांतून हाताने व पाण्याच्या झोताने काढलेच पाहिजेत, कारण एक अडकलेला पोपडा पहिल्याच दिवशी नळी जाळू शकतो. फायर ट्यूब बॉयलरमध्ये थर नळ्यांच्या बाहेरच्या अंगाला असतो, तेथे ब्रश पोहोचत नाही, म्हणून ही धुलाई अधिक चिकाटीने करावी लागते. शेवटी पाण्याच्या दाबाची चाचणी घ्यावी, कारण नळी आणि ट्यूब शीटच्या (नळ्यांची टोके ज्यात बसवतात त्या जाड पत्र्याच्या) जोडांत क्षारांनी बुजलेल्या गळत्या याच वेळी उघड्या पडतात.

थर पुन्हा बसू नये याची तयारी बॉयलर पेटवण्यापूर्वीच व्हायला हवी, आणि माझ्या मते या यादीतील सर्वाधिक दुर्लक्षित भाग हाच आहे. तासाला ५ टन वाफ देणारा बॉयलर रोज १० तास चालतो आणि फीड वॉटरमधून फक्त ५ पीपीएम (दशलक्षात ५ भाग) काठिण्य, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार, निसटते असे धरले, तर दिवसाला २५० ग्रॅम आणि ३०० दिवसांत ७५ किलो क्षार आत जातात. म्हणून सॉफ्टनरमधून (पाण्याचे काठिण्य काढणाऱ्या यंत्रातून) बाहेर पडणाऱ्या पाण्याचे काठिण्य प्रत्येक पाळीत मोजावे आणि रिजनरेशन (त्यातील रेझिन मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करणे) ठरलेल्या वेळेऐवजी किती पाणी गेले यावर करावे. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या जागी सोडियम देतो. एकूण विरघळलेले क्षार आणि सिलिका तो कमी करत नाही, त्यासाठी आरओ (पडद्यातून गाळणारा) किंवा डीएम (सर्व क्षार काढणारा) प्लांटच लागतो. निसटलेल्या काठिण्यासाठी फॉस्फेटचा डोस द्यावा आणि पाण्याची अल्कधर्मिता पुरेशी राखावी, म्हणजे कॅल्शियम चिकट थराऐवजी मऊ गाळ होऊन ब्लोडाउनमधून (बॉयलरमधील थोडे पाणी मुद्दाम बाहेर सोडण्यातून) निघून जाते. ब्लोडाउनही हिशेबाने ठरवावा : फीड वॉटरचा टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) ३०० आणि बॉयलरमधील मर्यादा ३००० पीपीएम असेल तर ३०० भागिले २७००, म्हणजे वाफेच्या सुमारे ११ टक्के पाणी सोडावे लागते. परत येणाऱ्या कंडेन्सेटचे (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याचे) काठिण्यही तपासावे, कारण एखाद्या हीट एक्स्चेंजरची गळती उत्तम सॉफ्टनरवर पाणी फिरवते.

सफाईनंतर सुमारे तीन महिन्यांनी बॉयलर एकदा मुद्दाम उघडण्याची तारीख आताच ठरवून ठेवावी. तळाशी मऊ गाळ साचलेला दिसला तर तळाचा ब्लोडाउन वाढवावा. नळ्यांवर नखाने न निघणारा पातळ पांढरा थर दिसला तर सॉफ्टनरच्या आणि कंडेन्सेटच्या नोंदी काढून काठिण्य कोणत्या दिवसापासून निसटू लागले ते शोधावे, आणि कारण दूर होईपर्यंत पुढची आम्ल सफाई ठरवू नये.