‘पॅचमध्ये घेऊ’ म्हणण्याआधी

लातूर, बीड, परभणीकडची बरीच पोरं-पोरी हल्ली असिस्टंट डायरेक्टर म्हणून कामाला लागली आहेत. ब्रेकडाउन (कुठल्या सीनला काय काय लागणार याची यादी) कसा करायचा, पानाचे आठ भाग धरून सीन कसा मोजायचा, कॉल शीट (उद्या कुणी किती वाजता कुठं यायचं त्याचा कागद) कशी काढायची, हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मला बोलायचंय ते एका वाक्याबद्दल. पॅकअपच्या तोंडावर सगळे थकलेले असतात, उजेड उतरलेला असतो आणि कुणीतरी म्हणतं, “राहू दे, हे पॅचमध्ये घेऊ.” म्हणजे राहिलेले शॉट नंतर कधीतरी येऊन काढू. या वाक्यानं आमचा अख्खा चित्रपट मागे नेला.

फ्लॅटमधला सीन असेल तर पॅचवर्क निभावतं, भिंती जागच्या जागी असतात. रानात तसं होत नाही. औसा तालुक्यात आम्ही सोयाबीनमध्ये माय-लेकाचा सीन करत होतो. ऑगस्टअखेर, मांडीएवढं हिरवंगार पीक. आईच्या बाजूचे शॉट झाले, आभाळ भरून आलं आणि मुलाचे क्लोजअप राहिले. दुसऱ्या दिवशी वाड्यातले सीन होते, ते हलवायला कुणी तयार नव्हतं. मुलाचं काम करणारा नट मालिकेत अडकलेला, त्याच्या तारखा मिळाल्या त्या दसऱ्याच्या सुमारास. आम्ही पोचलो तेव्हा रान मोकळं होतं आणि बांधाकडेला ताडपत्रीखाली गंजी. शेतकरी काका म्हणाले, “ताई, शेंगा फुटाय लागल्या होत्या. थांबलो असतो तर दाणे रानातच सांडले असते.” त्यांचं शंभर टक्के बरोबर होतं.

आता कट बघा. आईच्या मागे हिरवं पीक, मुलाच्या मागे धसकटं. एकाच संवादात! सीन पुढच्या खरिपावर गेला आणि त्याच्या मागे एडिट, डबिंग, पार्श्वसंगीत, सगळंच गेलं. निर्मात्याचं व्याज मात्र सुरूच होतं.

परत सांगते, कारण हे ऐकताना सोपं वाटतं. पॅचसाठी नुसती नटाची तारीख पुरत नाही. त्याची दाढी तेवढीच हवी, साडी तीच हवी, भाड्याच्या कॅमेऱ्यासोबत लेन्सचा सेट तोच हवा, ऊन त्याच बाजूचं हवं आणि पीक त्याच उंचीचं हवं. यातली प्रत्येक गोष्ट सुटी सुटी मिळते, सगळ्या एका दिवशी जुळवताना जीव जातो. सोयाबीन साधारण 90 ते 110 दिवसांत हाती येतं. जूनअखेर पेरलं तर सप्टेंबरच्या मध्यापासून पानं पिवळी पडून गळायला लागतात. शाळू डिसेंबर-जानेवारीत हुरड्याला येतो, फेब्रुवारीपासून काढणीला. कापसाची वेचणी लांबते, तिथं थोडी सवड मिळते. म्हणून शेड्युलमध्ये पिकाचे सीन सगळ्यात आधी लावा, वाड्यातले, घरातले शेवटी. आभाळ आलं तर आत जाता येतं, पण गेलेलं पीक परत आणता येत नाही.

आणि निर्णय पॅकअपला घेऊ नका, जेवणाच्या सुट्टीत घ्या. सकाळचं किती झालं, संध्याकाळपर्यंत किती होईल, हे तेव्हाच कळतं. दिग्दर्शकाकडे जाऊन स्पष्ट विचारा: कुठला शॉट गाळायचा, कुठले दोन एकात बसवायचे, उद्या काय हलवायचं? तो चिडेल. चिडू द्या. राहिलेला शॉट त्याच रात्री डीपीआरमध्ये (दिवसभरात काय झालं त्याचा रोजचा अहवाल) लिहा, सीन नंबर, कारण आणि पीक किती दिवस उभं राहणार आहे तेही. उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा साडेदहा ते चार बाहेरचं काम लावूच नका. माणसं आडवी पडली तर दुसरा दिवसही गेला.

पुढचं थोडक्यात. रिलीजच्या शुक्रवारपासून मागे मोजत या. एडिट लॉक, म्हणजे कट पक्का झाला की त्याला परत हात लावायचा नाही. 24 फ्रेमचा एक सेकंद नंतर काढला, तरी त्या रिळात पुढचा सगळा आवाज, संगीत, सबटायटल सरकतात आणि परत बसवावे लागतात. शेळी, कुत्रा, घोडा काहीही वापरणार असाल तर भारतीय पशु कल्याण मंडळाची परवानगी शूटिंगआधी काढा. सेन्सॉरला त्यांचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. राष्ट्रीय पुरस्काराला पाठवायचं असेल तर सेन्सॉर सर्टिफिकेटची तारीख 1 जानेवारी ते 31 डिसेंबर या हिशोबात धरतात, हे लक्षात ठेवा. डिसेंबरात धावपळ करणारे मी दरवर्षी बघते.

व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या तयार शेड्युलच्या एक्सेलवर माझा विश्वास नाही. ती दुसऱ्याच्या चित्रपटाची असते आणि तिच्यात पाऊस नसतो. मोठ्या नावाच्या मागे फिरण्यापेक्षा रोज स्वतः डीपीआर लिहिणाऱ्या असोसिएट डायरेक्टरच्या हाताखाली राहा, पैसे थोडे कमी मिळाले तरी. त्याच्या शेजारी बसून एक शेड्युल काढलंत की पुढचं फार अवघड जात नाही, हे मी मनापासून सांगते. आपल्या मुलांना एक गोष्ट मुंबईच्या युनिटपेक्षा आधी कळते: रान बघून ते किती दिवसांचं आहे ते ओळखणं. ती सेटवर मोठ्यानं सांगायला लाजू नका.

रेकीला, म्हणजे लोकेशन बघायला गेलात की फोटो काढण्याआधी शेतकऱ्याला विचारा, वाण कोणतं, पेरणी कधीची, काढणी कधी. लोकेशनच्या कागदावर ते फोन नंबरच्या वर लिहा. पिकाच्या चार ओळी राखून ठेवायला सांगायची असतील तर त्याचे पैसे त्याच दिवशी ठरवा, लातूरच्या बाजार समितीचा भाव धरून, आणि सांडणाऱ्या दाण्यांचं नुकसानही त्यात मोजा.