सोळाव्या वर्षी सिक्स्थ फॉर्म की कॉलेज? इंग्लंडमधल्या मराठी आई-बाबांनी मुलांना साथ कशी द्यावी

जीसीएसईचा (इथल्या दहावीसारख्या परीक्षेचा) निकाल ऑगस्टच्या उत्तरार्धात एका गुरुवारी लागतो आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला सिक्स्थ फॉर्म (सोळा ते अठरा वयाच्या मुलांचे दोन वर्षांचे वर्ग) किंवा कॉलेज उघडतं. मधल्या पंधरा दिवसांत प्रत्येक घरात धांदल उडते. आपल्या घरांत तिच्यात आणखी एक अडचण असते. आई-बाबांनी अकरावी-बारावी केलेली असते पुण्यात, नाशकात, सांगलीत. सायन्स घेतलं की पुढे काहीही करता येतं, अकरावी जरा सैल सोडायची, बारावीला क्लास लावून जीव तोडून अभ्यास करायचा, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. इंग्लंडमध्ये यातली जवळजवळ प्रत्येक गोष्ट वेगळी चालते, आणि आपण जुन्या हिशेबाने सल्ला दिला तर नुकसान मुलाचं होतं.

शिवाय सोळाव्या वर्षापासून इथले शिक्षक मुलाशी थेट बोलू लागतात. इयर इलेव्हनपर्यंत (जीसीएसईच्या वर्षापर्यंत) शाळेकडून सतत येणारे निरोप एकदम कमी होतात. म्हणून आई-बाबांनी व्यवस्था नीट समजून घ्यावी, तारखा आणि कागद सांभाळावेत आणि निवड मुलाला करू द्यावी, असं मला मनापासून वाटतं. खाली क्रमाने मांडलेलं सगळं इंग्लंडपुरतं आहे; स्कॉटलंडची पद्धत पूर्ण वेगळी आहे आणि वेल्स, उत्तर आयर्लंडमध्येही फरक पडतो.

१. निकालाच्या आधीच सगळे पर्याय समोर मांडा

इंग्लंडमध्ये वयाच्या १८व्या वर्षापर्यंत शिक्षण किंवा प्रशिक्षण चालू ठेवावंच लागतं. पूर्णवेळ शिकता येतं, अप्रेंटिसशिप (नोकरी करत शिकणं) करता येते, किंवा आठवड्याला किमान २० तास काम अथवा स्वयंसेवा करून जोडीला अर्धवेळ शिकता येतं.

पूर्णवेळ शिक्षणात तीन मुख्य पर्याय आहेत. पहिला ए लेव्हल, म्हणजे निवडक विषयांचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम; त्यात बहुतेक मुलं तीन विषय घेतात. टी लेव्हल हा २०२० मध्ये सुरू झालेला दोन वर्षांचा व्यावसायिक कोर्स. एक टी लेव्हल तीन ए लेव्हलच्या तोडीचा धरतात. तिसरा बीटेक. हा आपल्या इंजिनिअरिंगच्या पदवीसारखा नाही, तो शाळेनंतरचा उपयोजित कोर्स आहे आणि त्यात परीक्षेइतकंच वर्षभराच्या असाइनमेंटना महत्त्व असतं. सरकारने २०२५ मध्ये या गटातल्या कोर्सेसच्या जागी व्ही लेव्हल आणायचं जाहीर केलं आहे, त्यामुळे धाकट्या भावंडांच्या वेळी नावं बदललेली असतील.

एक नियम अनेकांना उशिरा कळतो. जीसीएसईला इंग्लिश किंवा गणितात ४ पेक्षा कमी ग्रेड आली (ग्रेड १ ते ९, ९ सर्वांत वरची), तर पुढचा कोर्स कुठलाही असो, त्या विषयाचा अभ्यास चालू ठेवावा लागतो. मुलाला यात कमीपणा वाटतो. इंग्लंडभरात दरवर्षी असंख्य मुलं या वाटेने जातात, हे त्याला आवर्जून सांगा.

२. विषय ठरवताना शेवटाकडून मागे या

तीनच विषय असल्यामुळे सोडलेला प्रत्येक विषय काही वाटा बंद करतो. म्हणून मुलीला कोणती पदवी करावीशी वाटते ते विचारा, मग तिलाच चार-पाच विद्यापीठांच्या वेबसाइटवर प्रवेशाच्या अटी शोधायला लावा. तुम्ही शेजारी बसा, माउस तिच्या हातात असू द्या. मेडिसिनला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री लागतं आणि जोडीला बहुधा बायॉलॉजी. इंजिनिअरिंगला गणित, आणि बऱ्याच शाखांना फिजिक्सही. कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला शाळेतल्या कॉम्प्युटर सायन्सपेक्षा गणिताची अट जास्त वेळा दिसते. अर्थशास्त्र म्हणजे कला शाखा असं समजणाऱ्यांनी केंब्रिज आणि एलएसईच्या (लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या) अटी जरूर पाहाव्यात; दोन्हीकडे गणित हवंच.

अजून काहीच ठरलं नसेल तर घाबरू नका. आवडणारे दोन विषय आणि पर्याय खुले ठेवणारा एक, अशी निवड पुरते. चौथा विषय ‘असू द्या’ म्हणून लादू नका. विद्यापीठांच्या ऑफर साधारणपणे तीन ग्रेडवर येतात, आणि चारांच्या ओढाताणीत तिन्ही खाली आलेल्या मुलाला भरपाई कुठेच मिळत नाही. फर्दर मॅथ्स (गणिताच्या पुढचा, वेगळा ए लेव्हल विषय) हा याला खरा अपवाद. गणिताची मनापासून ओढ असलेल्या मुलाने तो चौथा घेतला तर त्याचा उपयोग होतो.

३. व्यावसायिक कोर्सबद्दल आधी स्वतःशी प्रामाणिक व्हा

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. मुलगा म्हणाला, ‘मला टी लेव्हल करायचंय’ किंवा ‘अप्रेंटिसशिप बघतोय’, की आपल्या चेहऱ्यावर जे उमटतं ते त्याला लगेच दिसतं. हुशार मुलं सायन्सला आणि उरलेली आयटीआयला, ही उतरंड आपण बरोबर घेऊन आलो आहोत. गावाकडे फोन केल्यावर ‘काय करतोय नातू?’ या प्रश्नाला काय उत्तर द्यायचं, याची काळजी आपल्याला वाटते. ती काळजी आपली आहे. तिचं ओझं मुलाच्या खांद्यावर टाकू नका.

टी लेव्हलमध्ये किमान ३१५ तास, म्हणजे सुमारे ४५ दिवस, खऱ्या कामाच्या ठिकाणी काढावे लागतात. आरोग्य, डिजिटल, बांधकाम, अभियांत्रिकी, बालशिक्षण अशा क्षेत्रांत हा कोर्स करता येतो. सर्वोच्च ग्रेड मिळाली तर युकासचे (विद्यापीठ प्रवेशाच्या केंद्रीय संस्थेचे) १६८ गुण मिळतात, ए लेव्हलला तीन ए स्टार म्हणजे सर्वोच्च ग्रेड मिळवणाऱ्या विद्यार्थ्याइतकेच. मात्र प्रत्येक विद्यापीठ प्रत्येक पदवीसाठी टी लेव्हल स्वीकारत नाही. मेडिसिनची खरीच इच्छा असलेल्या मुलीने ‘हेल्थ’ नाव पाहून या कोर्सला जाऊ नये. कॉलेजच्या ओपन इव्हिनिंगला दोन प्रश्न नक्की विचारा: प्लेसमेंट (कोर्समधल्या कामाची जागा) कोण शोधून देतं, आणि गेल्या तुकडीतली मुलं पुढे कुठे गेली?

अप्रेंटिसशिप म्हणजे पहिल्या दिवसापासून नोकरी. करार असतो, पगार असतो (एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळात अप्रेंटिसला ताशी किमान ७.५५ पौंड होता, अनेक मालक किमान दराहून जास्त देतात) आणि कामाच्या वेळातच शिक्षण होतं. जागा सरकारच्या ‘फाइंड अ‍ॅन अप्रेंटिसशिप’ संकेतस्थळावर निघतात. त्यांना शाळाप्रवेशासारखी एक ठरलेली तारीख नसते, वर्षभर लक्ष ठेवावं लागतं. इयर थर्टीननंतर (सिक्स्थ फॉर्मच्या दुसऱ्या वर्षानंतर) डिग्री अप्रेंटिसशिपही, म्हणजे नोकरीबरोबर पदवी, करता येते. तिथे विद्यापीठाची फी मुलाला भरावी लागत नाही, पण स्पर्धा तगडी असते.

मुलाशी बोलताना ‘आधी ए लेव्हल कर, मग बघू’ हे वाक्य टाळा. त्याला कोर्सचं आठवड्याचं वेळापत्रक आणायला सांगा, ते दोघांनी वाचा, आणि मग तुमच्या शंका एकेक करून विचारा. शंका विचारल्याने मुलं दुखावत नाहीत. आपल्याला कमी लेखलं जातंय असं वाटलं की दुखावतात.

४. निकालाच्या दिवशी

सकाळ मोकळी ठेवा. शक्य असेल तर सुट्टी काढा. ग्रेड अपेक्षेपेक्षा कमी आल्या तर त्याच दिवशी सिक्स्थ फॉर्मला फोन करायचा किंवा स्वतः जायचं. बऱ्याचदा विषय बदलून जागा मिळते. म्हणून आधीच एका दुसऱ्या कॉलेजला अर्ज करून ठेवलेला असावा. फोनवर मुलानेच बोलावं, तुम्ही बाजूला थांबा. भारतात आजी-आजोबांना आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निकाल कधी कळवायचा, हेही त्यालाच ठरवू द्या.

५. पहिले सहा आठवडे लक्ष ठेवा

जीसीएसईतून ए लेव्हलला जाताना काठिण्य एकदम वाढतं. ८-९ ग्रेडची सवय असलेल्या मुलाला ऑक्टोबरच्या चाचणीत डी मिळते आणि त्याला वाटतं, आपण या लायकीचेच नव्हतो. हे बहुतेकांचं होतं, आणि हे त्याला सप्टेंबरमध्येच सांगून ठेवलेलं बरं.

विषय किंवा कोर्स बदलायचा असेल तर तो पहिल्या काही आठवड्यांतच बदलता येतो. शेवटची तारीख प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, ती पहिल्याच दिवशी विचारून घ्या. मुलगी महिनाभर एखाद्या विषयाबद्दल अवाक्षर काढत नसेल, तर तो विषय जड जातोय असं समजायला हरकत नाही.

‘आज काय शिकवलं?’ या प्रश्नाला ‘काही नाही’ हेच उत्तर येतं. त्याऐवजी ‘मोकळा तास कितीला होता? कुठे बसलीस? कोणाबरोबर जेवलीस?’ असं विचारा. नव्या कॉलेजात जुन्या मैत्रिणी नसल्या की पहिले दिवस एकटीने डबा खाण्यात जातात. तुम्हाला हे अशाच साध्या प्रश्नांतून कळेल. ते कळल्यावर लगेच उपाय सुचवायची घाई करू नका. फार दिवस तसंच चाललं तर ट्यूटरला (कॉलेजातल्या वर्गशिक्षकांना) ईमेल करता येतं, पण मुलीला सांगून.

६. मोकळ्या तासांचा अभ्यास

वेळापत्रकात भरपूर रिकामे तास दिसतात आणि आपल्याला वाटतं, इथे शिकवतच नाहीत. हे तास स्वतःहून अभ्यास करण्यासाठी ठेवलेले असतात. विषयामागे आठवड्याला चार-पाच तास, असं शाळा साधारण सांगतात.

एक काम पहिल्याच महिन्यात एकत्र करा. मुलगा कोणत्या बोर्डाची परीक्षा देणार आहे (एक्यूए, ओसीआर, एडेक्सेल) ते विचारा आणि त्या बोर्डाच्या संकेतस्थळावरून विषयाचं स्पेसिफिकेशन छापून घ्या. परीक्षेत काय विचारू शकतात, ते त्यात ओळीओळीने लिहिलेलं असतं. प्रत्येक धडा वर्गात झाला की मुलाने त्या ओळींपुढे हिरवी, पिवळी किंवा लाल खूण करायची. लाल ओळी घेऊन शिक्षकांकडे जायचं. केमिस्ट्रीच्या मोलच्या हिशेबात नेमकं काय अडतंय हे मुलाला सांगता येत नाही, पण ‘ही ओळ मला येत नाही’ असं बोट ठेवून दाखवता येतं. हे झाल्यावरच ट्यूशनचा विचार करा. लाल ओळी थोड्या असतील तर शाळेतल्या मदतीच्या तासांवरही भागतं.

शनिवारची नोकरी करू द्यावी का? आठवड्याला सात-आठ तास असेल तर जरूर करू द्या. दुकानात अनोळखी गिऱ्हाइकाशी बोलायला शिकलेला मुलगा मुलाखतीत अडखळत नाही.

७. पैसे आणि पास

चाइल्ड बेनिफिट (मुलांसाठी सरकार देतं तो भत्ता) मिळत असेल तर मूल सोळा वर्षांचं झाल्यानंतरच्या ३१ ऑगस्टला ते आपोआप बंद होतं. पूर्णवेळ शिक्षण चालू आहे असं एचएमआरसीला (इथल्या करखात्याला) कळवलं तरच पुढे मिळतं. पत्र येतं, ते बाजूला टाकू नका. पगारी अप्रेंटिसशिपला मात्र ते मिळत नाही. प्रवासासाठी १६-१७ सेव्हर कार्डावर रेल्वेची बहुतेक तिकिटं अर्ध्या किमतीत मिळतात, आणि लंडनमध्ये राहणाऱ्यांना १६+ झिप कार्डावर बस मोफत आहे. उत्पन्न कमी असेल तर कॉलेजच्या १६-१९ बर्सरीसाठी (आर्थिक मदतीसाठी) अर्ज करा. पुस्तकं, प्रवास, कामाचे बूट यांसाठीच ती असते.

८. इयर ट्वेल्व्ह म्हणजे अकरावी नव्हे

ए लेव्हलची परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदाच होते, पण विद्यापीठाकडे अर्जाबरोबर जातात त्या प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे निकालाचा अंदाज. शिक्षक त्या मुख्यतः इयर ट्वेल्व्हच्या कामावर आणि वर्षअखेरच्या चाचणीवर ठरवतात. त्यामुळे पहिलं वर्ष सैल सोडलं की अर्ज करतानाच हात बांधले जातात.

ऑक्सफर्ड, केंब्रिज, मेडिसिन, डेंटिस्ट्री आणि पशुवैद्यकासाठी युकासची अंतिम तारीख १५ ऑक्टोबर, बाकी बहुतेकांसाठी जानेवारीत. शाळेची स्वतःची तारीख त्याआधी असते. मेडिसिनवाल्यांची युकॅट ही प्रवेशपरीक्षा त्याच्याही आधी उन्हाळ्यात होते. २०२६च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंटमध्ये (अर्जातल्या स्वतःबद्दलच्या लेखनात) सलग निबंधाऐवजी तीन प्रश्नांची उत्तरं द्यायची असतात. ती तुम्ही लिहू नका, सुधारूही नका. मोठ्याने वाचायला सांगा आणि कुठे समजलं नाही एवढंच सांगा.

९. व्हिसावर असाल तर फीची चौकशी आताच करा

स्किल्ड वर्कर व्हिसावर आलेल्या कुटुंबांनी हे सर्वांत आधी करावं. मुलगा इथल्या शाळेत शिकला, आपण कर भरतो, म्हणून विद्यापीठात ‘होम’ फी (इथल्या विद्यार्थ्यांची कमी फी) लागेल असं अनेकजण धरून चालतात. तसं नसतं. साधारण नियम असा की कोर्सच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी आयएलआर (कायम वास्तव्याचा परवाना) किंवा ब्रिटिश नागरिकत्व हातात हवं, आणि त्याआधीची तीन वर्षं इथे वास्तव्य हवं. सप्टेंबरमध्ये सुरू होणाऱ्या कोर्ससाठी तो दिवस १ सप्टेंबर. दीर्घ वास्तव्य आणि इतर काही आधारांवर वेगळ्या तरतुदीही आहेत. २०२५-२६ मध्ये इंग्लंडमध्ये होम फीची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्याची फी त्याच्या दुप्पट-तिप्पट किंवा जास्तही असते, आणि स्टुडंट लोनही मिळत नाही.

यूके कौन्सिल फॉर इंटरनॅशनल स्टुडंट अफेअर्सच्या संकेतस्थळावर हे नियम सविस्तर आहेत. इयर ट्वेल्व्हमध्येच ते वाचा, आयएलआरची पात्रता कोणत्या महिन्यात येते ते कॅलेंडरवर लिहा, आणि शंका असेल तर हव्या त्या विद्यापीठाच्या अ‍ॅडमिशन ऑफिसला लेखी विचारा. मुलालाही हे आकडे दाखवा. तारीख थोडक्यात हुकत असेल तर एक वर्ष थांबून काम करायचं, डिग्री अप्रेंटिसशिपला आपण पात्र ठरतो का ते पाहायचं, की भारतातल्या प्रवेशाची तयारी करायची, हे त्याला तुमच्याबरोबर बसून ठरवता आलं पाहिजे, आणि त्यासाठी वेळ हाताशी असतो तो याच वर्षी.