गाई एकाच हंगामात भरवाव्यात की वर्षभर? असं ठरवा

मे महिना, गोठ्यात सहा गाई, त्यातल्या चार आटवलेल्या (विण्याआधी दूध बंद केलेल्या). दहा दिवसांचा दुधाचा पगार हातात आला तो पेंडीच्या उधारीलाही पुरेना. आमच्याकडे हे एकदा घडलंय. आदल्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास चौघी एकापाठोपाठ माजावर आल्या आणि आम्ही खुशीत चारही भरून घेतल्या, म्हणजे रेतन करून घेतलं. जुलैत, ऐन चिखलात, चारही व्याल्या. ओल्या जमिनीवरच्या वासरांना हगवण लागली ती वेगळीच. म्हणजे हंगामी पद्धत आम्ही न ठरवताच करून बसलो होतो.

तेव्हा पहिलं काम वहीचं. प्रत्येक गाय मागच्या दोन वेळा कधी व्याली, कधी भरवली, किती वेळा उलटली (भरवूनही गाभण राहिली नाही) ते लिहा. शेजारी बारा महिन्यांचे रकाने आखा. कोणत्या महिन्यात हिरवा चारा, कधी नुसता कडबा, दुधाला दर कधी बरा, पाणी कधी आटतं, घरात पैसा कधी लागतो (जूनमध्ये पेरणी आणि शाळेची फी एकदमच येतात) हे भरा. निम्मा निर्णय इथेच होतो.

मग एक हिशेब करा, बहुतेक जण हाच विसरतात. गाय साधारण २८० दिवस गाभण असते. दरवर्षी त्याच महिन्यात वेत (विणं) हवं तर ३६५ मधून २८० गेले, उरले ८५. व्यायल्यावर गर्भाशय पूर्ववत व्हायला दीड-दोन महिने जातात. हातात राहतात पंचवीस ते चाळीस दिवस. माज येतो २१ दिवसांनी. म्हणजे संधी एक, फार तर दोन. एक माज नजरेतून सुटला, दुसऱ्याला गाय उलटली, की हंगाम पुढे सरकला. आपल्याकडे संकरित गाईंच्या दोन वेतांतलं अंतर चौदा-पंधरा महिने सर्रास दिसतं. अशा गोठ्यात कडक हंगाम दोन वर्षंही टिकत नाही.

न्यूझीलंडमध्ये तो टिकतो. तिथले बहुतेक कळप जुलै ते सप्टेंबरात वितात. गाई मुख्यतः चरून जगतात आणि तिथल्या वसंतात (सप्टेंबरपासून) गवत जोमानं येतं, म्हणून दुधाचा भर त्याच्याशी जुळवलेला असतो. उशिरा गाभण राहणारी गाय ते सरळ कळपातून काढतात. आपल्याला ते जमणारं नाही. शिवाय आपला चारा कापून गव्हाणीत येतो. मुरघासाचा (हवाबंद मुरवून साठवलेल्या हिरव्या चाऱ्याचा) खड्डा भरलेला असेल तर जानेवारी काय नि मे काय. जिरायत रान, मुरघास नाही, उन्हाळ्यात टँकरचं पाणी, अशी गत असेल तर मात्र ऑगस्ट ते नोव्हेंबरातली वेतं सोयीची, कारण दुधाचा भर चारा असतानाच निघून जातो.

दराचं गणित जरा फसवं आहे. उन्हाळ्यात दूध कमी, म्हणून दर बरा. तो गाठायला जानेवारी-फेब्रुवारीत वेत हवं, म्हणजे गाय एप्रिल-मेमध्ये भरवायला हवी. पण त्याच उन्हात माज अंधूक असतो आणि गाय गाभण राहण्याचं प्रमाण घसरतं. माझ्या मते मधला मार्ग असा: जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत भरवा. १ फेब्रुवारीला भरलेली गाय ८ नोव्हेंबरच्या आसपास विते. भर थंडीत येतो आणि उन्हाळ्यातही बऱ्यापैकी दूध राहतं.

म्हशींचं वेगळं. उन्हाळ्यात त्यांचा माज मुका असतो (लक्षणं दिसत नाहीत), पावसाळा सरताना त्या उघड माजावर येऊ लागतात. गाभणकाळ सुमारे ३१० दिवसांचा. ऑक्टोबरात भरलेली म्हैस ऑगस्टात विते. इथे हंगाम तिनंच ठरवलेला असतो. आपण कोरडा निवारा तयार ठेवायचा.

पाच-दहा गाई आणि दर दहा दिवसांनी पगाराची गरज असेल तर वर्षभराची पद्धतच धरा, पण वेतं विखरून. सहा गाई असतील तर साधारण दर दोन महिन्यांना एक वेत, आणि आटलेली एका वेळी एखादीच. फक्त ऑक्टोबरातल्या रेतनाला हात आखडता घ्या, नाहीतर भर पावसातली वासरं सांभाळावी लागतात. कोकणात तर हे नक्कीच पाळा. एक माज मुद्दाम सोडला तर २१ दिवसांचं दूध लांबतं, तेवढं सोसायचं.

कोणतीही पद्धत धरा, माज ओळखता आला पाहिजे. पहाटे आणि रात्री निजण्याआधी गोठ्यात एक फेरी मारा. गाय हंबरते, दूध चोरते, दुसरीला अंगावर चढू देते, काचेसारखा स्वच्छ सोट (चिकट स्राव) टाकते. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासणी, आणि वेताच्या साठ दिवस आधी गाय आटवा.

वेतं पुन्हा एका महिन्यात गोळा व्हायला लागली तर जुन्या गाईंशी झगडू नका. कालवडी अजून एकदाही व्यालेल्या नसतात, म्हणून त्यांना ८५ दिवसांची अट नसते. संकरित कालवड २५० किलोच्या पुढे गेली की वहीतला रिकामा महिना बघायचा, नऊ महिने मागे मोजायचे आणि त्याच माजाला तिला भरवायची.