सायकॉलॉजीत एम.ए. करायचंय? फॉर्म भरायच्या आधी हे बघून घ्या

सरळ मुद्द्यावर येतो. एम.ए. सायकॉलॉजी झालं की बोर्ड लावून बसायला मोकळे, असं आपल्याकडं बेळगाव-खानापूर-निपाणी भागात बऱ्याच जणांना वाटतं, पण तसं नाहीये. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचं तर आरसीआयचं, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं रजिस्ट्रेशन लागतं, आणि ते नुसत्या एम.ए. वर मिळत नाही. 2017 च्या मेंटल हेल्थकेअर ॲक्टमध्ये पण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट कोण, हे आरसीआयच्या मान्यतेवरच ठरवलंय. त्यामुळं आधी काय व्हायचंय ते ठरवा आणि तिथून उलटं मागं या, नाहीतर दोन वर्षं आणि बापाचे पैसे दोन्ही जातात.

क्लिनिकलला जायचं असलं तर आत्तापर्यंतचा रस्ता असा होता की आधी एम.ए. किंवा एम.एस्सी., त्यात जनरलला 55 टक्के, मग दोन वर्षांचं एम.फिल. बेंगळूरचं निम्हान्स, म्हणजे मानसिक आरोग्याची मोठी संस्था, सगळ्यांना माहीत असतं, पण आपल्या धारवाडला तसलीच डिमहान्स आहे हे कितीतरी जणांना माहीतच नसतं, बेळगावातून बसनं दोन तासात पोचता. पण यूजीसीनं, म्हणजे युनिव्हर्सिट्यांचे नियम ठरवणाऱ्या केंद्राच्या आयोगानं, क्लिनिकलच्या एम.फिल.ला 2025-26 पर्यंतचीच मुदत दिली होती, आणि आरसीआयनं एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी, साय.डी. (सायकॉलॉजीतली डॉक्टरेट) असे नवे कोर्स आणलेत. म्हणून दादानं किंवा ताईनं कसं केलं ते ऐकून घ्या जरूर, पण त्यावर फॉर्म भरू नका, आरसीआयच्या वेबसाईटवर त्या वर्षीची मान्यता असलेल्या कॉलेजांची लिस्ट असते ती काढून बघा. कॉलेजवाले फोनवर "अप्रूव्हल येतंय हो सर" म्हणतात, येतंय म्हणजे आलेलं नाही.

लेक्चररशिप करायची असली तर गणित सोपं आहे, एम.ए. ला 55 टक्के आणि नेट, म्हणजे लेक्चररसाठीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा. एससी, एसटी, ओबीसीला 50 चालतात.

आता डिग्रीचं. बी.ए. ला सायकॉलॉजी ऑप्शनल होतं का, हा पहिला प्रश्न. असलं तर जवळजवळ सगळीकडं दार उघडं. नसलं, म्हणजे बी.कॉम. किंवा बी.एस्सी. केलं असलं, तरी काही युनिव्हर्सिट्या कुठल्याही ग्रॅज्युएटला घेतात, काही अजिबात घेत नाहीत, ते प्रॉस्पेक्टसमध्ये एलिजिबिलिटीच्या ओळीतच लिहिलेलं असतं. टक्के एकूण मागितलेत की त्या विषयातले, हे पण तिथंच बघा, यात लई जण फसतात.

पूर्वी असं काही अडलं की लोक सरळ इग्नूचं, म्हणजे केंद्राच्या ओपन युनिव्हर्सिटीचं, एम.ए. धरायचे, नोकरी सांभाळून व्हायचं. ते आता विसरा. जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून यूजीसीनं सायकॉलॉजी डिस्टन्स आणि ऑनलाईन मोडमध्ये शिकवायला बंदी घातलीय. तरीपण कोण एजंट घरबसल्या डिग्री देतो म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग जायचं कुठं? जवळ म्हणजे धारवाड, कर्नाटक युनिव्हर्सिटीत सायकॉलॉजीचं जुनं डिपार्टमेंट आहे. एक लक्षात ठेवा, 2010 ला आपली बेळगावची राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी वेगळी झाल्यापासून आपण धारवाडला बाहेरच्या युनिव्हर्सिटीचे, त्यामुळं मायग्रेशन, म्हणजे जुन्या युनिव्हर्सिटीनं सोडल्याचं सर्टिफिकेट, लागणार आणि बाहेरच्यांना किती सीट तेही नोटिफिकेशनमध्ये बघावं लागणार. पलीकडं पुण्याला युनिव्हर्सिटीत डिपार्टमेंट आहे, मुंबईला अप्लाईड सायकॉलॉजी आहे. सीमाभागातल्या मराठी पोरांना महाराष्ट्रात इंजिनीअरिंगच्या ॲडमिशनला वेगळी सोय आहे, त्यामुळं घरची मंडळी समजतात की एम.ए. ला पण तेच चालेल. एम.ए. ला प्रत्येक युनिव्हर्सिटीचा आपला आपला नियम, ऑफिसात विचारूनच काय ते धरा. आणि आपलं कर्नाटकाचं जातीचं सर्टिफिकेट तिकडं रिझर्व्हेशनला चालेल असं धरून चालू नका, बहुतेक ओपनमधूनच जावं लागतं.

सेंट्रल युनिव्हर्सिट्यांसाठी सीयूईटी पीजी ही एकच प्रवेश परीक्षा द्या, आणि टिसचं, म्हणजे मुंबईच्या टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं, एम.ए. पाहिजे असलं तरी आता हीच परीक्षा. 75 प्रश्न, बरोबरला 4, चुकलं तर 1 कापणार. पेपर इंग्लिश नाहीतर हिंदीत, मराठीत नाही, म्हणून मराठी मीडियमवाल्यांनी टर्म्स आत्तापासून इंग्लिशमध्ये पाठ करायच्या, आणि स्टॅटिस्टिक्सला घाबरून तो चॅप्टर सोडायचा नाही. फॉर्म डिसेंबर-जानेवारीकडं निघतात, परीक्षा मार्चच्या सुमारास, म्हणजे शेवटच्या वर्षाला असतानाच भरायचा. निकाल लागल्यावर बघू म्हणणारा एक वर्ष घरी बसतो.

आता कागदं, खरी डोकेदुखी इथंच. आपल्या मार्क्स कार्डावर आडनाव आधी, मग नाव, मग वडलांच्या नावाचं एकच अक्षर, आणि आधारवर सगळं पूर्ण आणि उलट क्रमानं. कर्नाटकात कोण काय बोलत नाही, पण बाहेर व्हेरिफिकेशनच्या टेबलावर तोच माणूस दोन माणसं होऊन बसतो. फॉर्ममध्ये दहावीच्या मार्क्स कार्डावर आहे तसंच अक्षर न् अक्षर नाव टाका, आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं ॲफिडेव्हिट आधीच करून ठेवा.

नाडकचेरीतून, म्हणजे आपल्या होबळीच्या महसूल ऑफिसातून मिळणारं जातीचं सर्टिफिकेट कन्नडमध्ये असतं आणि ते राज्याच्या कॅटेगरीचं असतं. मराठा समाज इथं कर्नाटकाच्या मागासवर्गीय यादीतल्या 3बी गटात येतो, पण केंद्राची ओबीसी यादी वेगळी, 3बी आहे म्हणून सीयूईटीला ओबीसी टिक करू नका, आधी केंद्राच्या यादीत आपली जात आहे का बघा. असली तर केंद्राच्या नमुन्यातलं, इंग्लिशमधलं नॉन-क्रिमीलेयर सर्टिफिकेट वेगळं काढावं लागतं, आणि ते बहुतेक ठिकाणी चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे 1 एप्रिलनंतरचं मागतात. यादीत नसली आणि उत्पन्नात बसत असाल तर ईडब्ल्यूएसचं, म्हणजे आर्थिक दुर्बल घटकाचं बघा.

मायग्रेशन निकालानंतरच मिळतं आणि वेळ खातं. ॲडमिशनच्या दिवशी हातात नसलं तर बऱ्याच ठिकाणी अंडरटेकिंग लिहून घेतात आणि मुदत देतात, ती मुदत किती ते त्याच दिवशी क्लार्ककडनं लेखी घ्या, तोंडी "आणून द्या नंतर" यावर जाऊ नका.